खांबामागची एस. टी.

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर सांगलीची गाडी लागली आहे. तुमच्या आणि गाडीच्या मध्ये एक जाड खांब आहे. डोळ्यांना खरे म्हणजे दोन लाल तुकडेच दिसतात, एक खांबाच्या डावीकडे आणि एक उजवीकडे. तरी 'दोन अर्ध्या गाड्या उभ्या आहेत' असे तुम्ही म्हणत नाही. शेजारच्या बाईंच्या खांद्यावर चार महिन्यांचे बाळ आहे. त्याला काय दिसत असेल?

बाळाला विचारायची सोय नाही. पण तान्ह्या मुलांची एक खोड शास्त्रज्ञांच्या कामी आली. तीच ती गोष्ट पाहून ती कंटाळतात आणि नजर काढून घेतात. काही नवे दिसले की टक लावून बघतात. किती वेळ पाहिले ते घड्याळाने मोजायचे, की मिळाले उत्तर!

अमेरिकेत फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी असाच एक प्रयोग केला. तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिन्यांच्या बाळांपुढे एक दांडी ठेवली होती. तिचा मधला भाग ठोकळ्याने झाकलेला होता. ठोकळ्यामागे दांडी डावी-उजवीकडे सरकत राही. बाळे कंटाळली की ठोकळा काढून एकदा अखंड दांडी आणि एकदा मध्ये फट असलेले दोन तुकडे दाखवले. बाळांनी तुकड्यांकडे जास्त वेळ पाहिले. म्हणजे तुकडे त्यांना नवे होते. ठोकळ्यामागची दांडी त्यांच्या लेखी एकसंधच होती.

गंमत पुढेच आहे. दांडी स्थिर ठेवली, तेव्हा बाळांनी दोन्हींकडे सारखेच पाहिले! रंग एक, रेषा सरळ, ही आपली हुकमी खूण त्यांना पुरली नाही. उलट वर दांडी आणि खाली निराळ्याच रंगाचा, वेडावाकडा तुकडा बरोबरीने हलवला, तर ती एकच वस्तू ठरली. जे एकत्र हलते ते एक! तेव्हा आपली गाडी उभी आहे तोवर बाळाचे काही सांगता येत नाही. कंडक्टरने डबल बेल दिली, दोन्ही लाल तुकडे एकदम सरकले, की गाडी एक झाली. नवजात अर्भकाला मात्र हेही जमत नाही, असे पुढच्या प्रयोगांत दिसले.

मोतीबिंदू म्हातारपणीच होतो असे आपण समजतो. काही बाळे तो घेऊनच जन्मतात. बाहुलीत पांढरटपणा दिसतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर पाहायला शिकण्याची वर्षेच निघून जातात. जन्मापासून नीट न दिसणाऱ्या मुलांवर पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पातून दिल्लीत उपचार होऊ लागले. उशिरा दृष्टी मिळालेल्या तिघांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांवर चढलेल्या दोन आकृत्या त्यांना दोन दिसत नसत. रेषांनी पडलेला प्रत्येक कप्पा ते वेगळी वस्तू म्हणून मोजत. आकृत्या हलू लागल्या, की मोजणी बरोबर येई. पुढे काही महिन्यांनी स्थिर चित्रांतल्या वस्तूही त्यांना वेगळ्या काढता येऊ लागल्या.