अहवालातील आकृती



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, याची आम्हांला कल्पना आहे. वसंतातील व्याख्यान म्हटले म्हणजे त्यात ज्ञानेश्वरी असावी, शेक्सपिअर असावा, निदान अर्थसंकल्प तरी असावा. संगणकावर लिहिलेल्या अहवालात चौकटी आणि बाण कसे काढावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु आज गावातील बहुतेक संस्थांचे अहवाल, शाळांची परिपत्रके आणि मंडळांची निवेदने वर्डसारख्या लेखनाच्या साधनात तयार होतात, आणि त्यांत एखादी तरी आकृती असतेच. पूर्वी आकृती हवी म्हणजे ड्रॉइंग मास्तरांना गाठावे लागे, त्यांनी काळ्या शाईने काढलेल्या चित्राचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि ब्लॉकचा खर्च ऐकूनच पुष्कळ आकृत्या जन्माला येत नसत. आता ज्याला आकृती काढता येत नाही त्यालाही ती दोन मिनिटांत काढता येते. सोय आहे ती यातच, आणि धोकाही यातच आहे.

धोका कोणता, ते आमच्याच फजितीवरून सांगतो. एका लहानशा सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. अहवाल नुसता मजकुराने रुक्ष दिसतो, त्यात संस्थेची रचना दाखविणारी एखादी आकृती घाला, अशी सूचना आली. आम्ही वर्डमध्ये ‘इन्सर्ट’ या टॅबवर गेलो, ‘स्मार्टआर्ट’ उघडले, ‘हायरार्की’ या गटातील ‘ऑर्गनायझेशन चार्ट’ निवडला. पडद्यावर पाच चौकटी उभ्या राहिल्या : वर एक, तिच्याखाली बाजूला मदतनिसाची एक आणि तळाशी ओळीने तीन. आम्ही वर लिहिले अध्यक्ष, बाजूला उपाध्यक्ष, खाली संचालक मंडळ, व्यवस्थापक आणि कर्मचारी. पाच चौकटी होत्या, पाच नावे सापडली. निळा रंग दिला, कडा जराशा उठावदार केल्या आणि स्वतःवर खूष होऊन फाइल छापखान्यात धाडली.

वार्षिक सभेत एक वृद्ध सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, अहवाल हातात घेऊन उभे राहिले. ते म्हणाले, “साहेब, आकृती सुरेख आहे. पण यात आम्ही कोठे बसलो आहोत, ते जरा बोट ठेवून दाखवा.”

बोट ठेवण्यास जागा नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेकडे असतो. कायदा, नियम आणि उपविधी यांच्या मर्यादेत राहून तीच सर्वश्रेष्ठ. संचालक मंडळ तिच्या वतीने कारभार पाहते आणि अध्यक्ष हा त्या मंडळातला. आमच्या आकृतीत मालकांचा पत्ता नव्हता, आणि ज्या मंडळातून अध्यक्ष यावयाचा ते मंडळ त्याच्या हाताखाली जाऊन बसले होते. मजकुरात असे खोटे वाक्य आम्ही कधीही लिहिले नसते. “अध्यक्ष हे संचालक मंडळाचे धनी आहेत” असे लिहिताना लेखणी अडखळली असती. चौकटींत तेच लिहिताना काही अडखळले नाही, कारण वाक्य आमचे नव्हतेच; ते यंत्राने आधीच रचून ठेवले होते आणि आम्ही फक्त नावे भरली.

आकृती ही वाक्यासारखीच काहीतरी सांगत असते, हे आपल्या समाजाला नवीन नाही. कुलवृत्तांतांतील वंशवेली आठवून पाहा. पुष्कळशा जुन्या वेलींत मुलांच्या फांद्या सात-आठ पिढ्या पसरत जातात, आणि मुलीचे नाव आलेच तर तेथे फांदी संपते. कित्येकदा नावही येत नाही. ज्याची चौकट नाही तो वाचणाऱ्याच्या हिशेबी जन्मलाच नाही.

संस्थेची रचना चौकटींनी आणि रेषांनी दाखविण्याच्या पद्धतीचा एक अगदी आरंभीचा नमुना अमेरिकेतला, १८५५ सालचा आहे. न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा विस्तार इतका वाढला होता, की कोणी कोणाला जबाबदार याचा मेळ लागेना. तेव्हा तिचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी एक तक्ता करवून घेतला. गंमतीची गोष्ट अशी, की त्या तक्त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ वर नाहीत. ते तळाशी, मुळाच्या जागी आहेत, आणि तेथून रेल्वेचे निरनिराळे विभाग फांद्यांसारखे वर पसरले आहेत. म्हणजे साहेबाने वरच बसले पाहिजे असा आकृतीचा काही धर्म नाही. यंत्रातील नमुना हा कोणी तरी केलेली एक निवड आहे, एवढेच.

वर्डमध्ये अशा तयार आकृत्या बऱ्याच काळापासून आहेत. २००२ च्या आवृत्तीत त्या सहा प्रकारच्या होत्या. २००७ च्या आवृत्तीपासून ‘स्मार्टआर्ट’ आले आणि नमुन्यांची संख्या एकदम वाढली. ते गटागटांनी मांडलेले आहेत : यादी, क्रम, चक्र, उतरंड, परस्परसंबंध, पिरॅमिड वगैरे. नवशिका मनुष्य यांतून डोळ्याला बरा दिसेल तो उचलतो. आमचे सांगणे असे, की पडद्याकडे पाहण्यापूर्वी कागदाच्या कपट्यावर एक वाक्य लिहावे. नव्या सभासदाचा अर्ज आधी कारकुनाकडे, मग व्यवस्थापकाकडे, मग संचालक मंडळाच्या सभेपुढे जातो, असे वाक्य असेल तर तो क्रम. तेथे बाण योग्य. अंदाजपत्रक, खर्च, लेखापरीक्षण आणि पुन्हा अंदाजपत्रक, हे चक्र. पण हळदीकुंकू, वृक्षारोपण आणि रक्तदान हे वर्षातले तीन कार्यक्रम असतील तर ती नुसती यादी होय. त्यांच्यामध्ये बाण काढले की हळदीकुंकवातून वृक्षारोपण उद्भवते असा अर्थ होतो. हसू नका, असा अहवाल आम्ही पाहिला आहे.

आता आमच्या फसलेल्या आकृतीची दुरुस्ती कशी केली ते सांगतो, म्हणजे कृतीही कळेल. आकृतीवर क्लिक केले की तिच्या डाव्या कडेला एक लहान बाण दिसतो. तो दाबला म्हणजे एक खिडकी उघडते आणि सगळी आकृती तेथे साध्या यादीच्या रूपाने दिसते. खरे काम येथे करावयाचे. चौकटींशी झोंबत बसू नये. एंटर दाबला की नवी ओळ आणि तिच्याबरोबर नवी चौकट येते. टॅब दाबला की ती चौकट एक पायरी खाली जाते. शिफ्ट धरून टॅब दाबला की एक पायरी वर चढते. आम्ही जुनी नावे पुसून पहिल्या ओळीत ‘सर्वसाधारण सभा’ लिहिले. तिच्याखाली एका पायरीवर ‘संचालक मंडळ’ आणि त्याच पायरीवर ‘लेखापरीक्षक’, कारण त्याची नेमणूक सभासदांनी वार्षिक सभेत करावयाची असते; ज्यांचे हिशेब तपासावयाचे त्यांच्याच खाली तपासनीस बसविणे बरे नव्हे. मंडळाखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि व्यवस्थापक; व्यवस्थापकाखाली कर्मचारी. मदतनिसाची जी चौकट यंत्राने आपण होऊन दिली होती ती निवडून डिलीट केली. कधी ती हवी असेल तर ‘ॲड शेप’ या बटणाखाली ‘ॲड असिस्टंट’ म्हणून सापडते. एवढ्याला चार मिनिटे लागली. विचाराला दोन संध्याकाळी लागल्या, हे वेगळे.

या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. या उतरंडीत एका चौकटीला एकच वरिष्ठ असू शकतो. पतसंस्थेतील शिपायाला व्यवस्थापक, दोन कारकून आणि येईल तो संचालक असे सगळेच कामे सांगतात. त्याचे जीवन या आकृतीत मावत नाही. असे दुहेरी संबंध दाखवावयाचे असतील तर ‘इन्सर्ट’ मधील ‘शेप्स’ घेऊन चौकटी स्वतः काढाव्यात. मात्र त्याआधी त्याच यादीच्या तळाशी असलेला ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ हा पर्याय निवडून एक फलक मांडून घ्यावा. फलकाच्या आत जोडरेषेचे टोक चौकटीच्या कडेवरील बिंदूला चिकटते आणि मग चौकट हलविली तरी रेषा तिच्यामागे जाते. फलक न मांडता मोकळ्या पानावर रेषा काढल्या तर वरचा एक परिच्छेद वाढताच चौकटी एकीकडे आणि रेषा दुसरीकडे, अशी पांगापांग होते.

रंगरूपाविषयी थोडेसे. यंत्र रंग पुष्कळ देते, पण आपले अहवाल शेवटी झेरॉक्सवर निघतात आणि तेथे लाल व हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. म्हणून चौकट पांढरी, कड काळी आणि जो भेद दाखवावयाचा तो रेषेच्या जाडीने किंवा तुटक रेषेने दाखवावा. चौकटीत मजकूर वाढविला की यंत्र अक्षरे आपोआप बारीक करते. तेव्हा अक्षरे कमी करण्यापेक्षा शब्द कमी करावेत. आपल्या लिपीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा थोडी अधिक उंच चौकट लागते. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या पद्धतीच्या फाँटात लिहिलेले ‘संचालक मंडळ’ तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल जुन्या ‘डॉक’ प्रकारात जतन केली तर आकृती नुसते चित्र होऊन बसते आणि पुढच्या वर्षी तिच्यातील नाव बदलता येत नाही. यासाठी ‘डॉक्स’ प्रकारातील मूळ प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि छापखान्याला पीडीएफ द्यावी. आकृतीखाली एका ओळीचे शीर्षकही द्यावे. ‘संस्थेची रचना’ हे शीर्षक फार मोघम. ‘कोण कोणाला जबाबदार’ असे लिहिले तर रेषा कशाची आहे हे वाचणाऱ्याला कळते.

हे शीर्षक आम्ही पुढच्या वर्षीच्या अहवालात घातले, तेव्हा संचालक मंडळात थोडी कुरकुर झाली. अध्यक्ष वरून तिसऱ्या पायरीवर आलेले पाहून एका सन्माननीय सदस्यांनी, निदान त्यांची चौकट तरी इतरांपेक्षा मोठी करा, असे सुचविले. चौकट मोठी करणे अगदी सोपे आहे. ती निवडून कोपरा ओढला की झाले. आम्ही ती केली नाही. स्वतः अध्यक्षांनीच तो विषय हसून संपविला.

सभेच्या दिवशी पोस्टमास्तर पहिल्या रांगेत होते. त्यांनी चष्मा पुसून आकृतीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरविले, ‘सर्वसाधारण सभा’ या चौकटीशी क्षणभर थांबले, आणि पान उलटून थकबाकीच्या आकड्यांवर प्रश्न विचारण्यास उभे राहिले.