घरी बनवलेल्या मोटारीची कसोटी मागील ॲक्सलवर

सांगली : कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील कारागिराने भंगारातून बनवलेली जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. अशा मोटारीची खरी कसोटी मागील ॲक्सलवर लागते. मागील भार पेलून चाके फिरवणे हे त्याचे काम. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळी गती डिफरेन्शियल देतो.

वेल्डिंगच्या उष्णतेने ॲक्सलची नळी वाकते. दोन्ही टोकांची बेअरिंग एका रेषेत नसल्यास ती तापतात, झिजतात आणि चाकही निखळू शकते. त्यामुळे नळी साच्यात घट्ट धरून, समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून थोडे थोडे वेल्डिंग करतात. थंड झाल्यावर सरळपणा तपासतात.

मात्र नोंदणीविना मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. देवराष्ट्रेची जीपही नियमांत बसत नव्हती. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली.