सोन्याचा चेंडू



फ्रान्सच्या राजधानींत बहुधा दरवर्षीं एक समारंभ होतो. मोठ्या नाट्यगृहांत जगांतील नामांकित फुटबॉलपटू येऊन बसतात, पाकीट फोडलें जातें, एक नांव वाचलें जातें आणि त्या नांवाच्या खेळाडूस सोन्याचा एक चेंडू अर्पण केला जातो. या पुरस्काराचें फ्रेंच नांव 'बॅलन डी'ओर'. त्याचा शब्दशः अर्थ सोन्याचा चेंडू. वास्तविक तो पितळेचा असून वर सोन्याचा मुलामा असतो, आणि पॅरिसमधील मेलेरियो नांवाची जवाहिऱ्यांची पेढी तो घडविते. त्याबरोबर रोख बक्षीस मिळत नाहीं. तरीसुद्धां, ज्यांच्यापाशीं द्रव्याची वाण नाहीं असे खेळाडू या मुलामा दिलेल्या गोळ्यासाठीं झुरतात. आमच्या हर्सूलच्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळीं खेळणाऱ्या मुलांच्या सदऱ्यांवरील नांवें वाचलीं, तर तीं बहुधा या चेंडूच्या मानकऱ्यांचींच निघतात. ज्या पुरस्कारावरून आपलीं मुलें आपले आदर्श ठरवितात, तो कोण देतो, कसा देतो आणि देतांना कोणाची गणना राहून जाते, याची थोडी फोड करून सांगावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकानें १९५६ सालीं ही प्रथा सुरू केली. कल्पना मुख्यतः गाब्रिएल आनो यांची. हे गृहस्थ स्वतः फ्रान्सच्या संघांतून खेळलेले होते. पुढें त्यांनीं लेखणी हातीं घेतली. युरोपांतील वार्ताहरांस त्यांनीं विचारलें कीं, यंदा आपल्या खंडांत श्रेष्ठ खेळाडू कोण? प्रत्येकानें पांच नांवें क्रमानें लिहावयाचीं. पहिल्यास पांच गुण, दुसऱ्यास चार, याप्रमाणें पांचव्यास एक. बेरीज झाली तेव्हां इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला ४७ गुण पडले आणि रिअल माद्रिदकडून खेळणाऱ्या आल्फ्रेडो डि स्टेफानोला ४४. मॅथ्यूज तेव्हां ४१ वर्षांचा होता. निकालपत्रकें तयार करण्यांत ज्यांची उमर गेली, त्यांस तीन गुणांच्या अंतराची किंमत सांगावयास नको.

पहिलीं जवळजवळ चाळीस वर्षें हा मान केवळ युरोपीय खेळाडूंपुरता राखून ठेवलेला होता. त्यामुळें ब्राझीलचा पेले आणि आर्जेन्टिनाचा माराडोना यांचीं नांवें मानकऱ्यांच्या यादींत सांपडत नाहींत. १९९५ सालीं नियम सैल झाला आणि युरोपांतील संघांतून खेळणाऱ्या परखंडीय खेळाडूंस दार उघडलें. त्याच वर्षीं आफ्रिकेंतील लायबेरिया देशाचा जॉर्ज विआ मानकरी ठरला. कोठेंही खेळणाऱ्या कोणाही खेळाडूचा विचार होऊं लागला तो २००७ सालापासून. 'जगांतील सर्वश्रेष्ठ' ही पदवी आपण ज्या सहजतेनें उच्चारतों, तिचें खरें वय हें एवढेंच आहे. स्त्रियांसाठीं स्वतंत्र चेंडू २०१८ सालीं सुरू झाला आणि नॉर्वेच्या आदा हेगरबर्ग हिनें तो प्रथम पटकाविला. २०२० सालीं महामारीमुळें पुरस्कार दिलाच गेला नाहीं. आर्जेन्टिनाच्या लिओनेल मेस्सीनें आठ वेळां तो मिळविला आहे, पोर्तुगालच्या ख्रिस्तियानो रोनाल्डोनें पांच वेळां. २०२५ सालीं तो फ्रान्सच्या उस्मान डेंबेले याजकडे गेला, आणि स्त्रियांचा चेंडू स्पेनच्या आइताना बोन्माती हिनें लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकला.

आतां मतमोजणीकडे वळूं. निवड सर्वस्वीं मतांवर चालते आणि मतें वृत्तपत्रकारांचीं असतात. पुरुषांच्या पुरस्कारासाठीं, 'फिफा' या जागतिक संस्थेच्या क्रमवारींतील पहिल्या शंभर देशांतून प्रत्येकीं एक पत्रकार निवडला जातो. तीस खेळाडूंची यादी त्याच्यापुढें ठेवतात. तींतून तो दहा नांवें क्रमानें लिहितो. २०२४ सालापासून गुणांची उतरंड अशी आहे: १५, १२, १०, ८, ७, ५, ४, ३, २, १. या उतरंडींत एक गंमत आहे. समजा, एका पत्रकारानें एखाद्यास पहिला ठरविला आणि दुसऱ्यानें चौथा, तर त्याचे गुण होतात २३. उलट दोघांनींही ज्यास दुसरा ठरविला, त्याचे होतात २४. म्हणजे ज्याच्यावर कांहीं जण जीव ओवाळून टाकतात आणि कांहीं जण नाक मुरडतात, असा खेळाडू एखादे वेळीं मागें पडतो. आणि ज्याच्याविषयीं कोणाचें फारसें दुमत नाहीं असा पुढें सरकतो. हा दोष आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु 'सर्वांत चांगला कोण' आणि 'सर्वांस चांगला वाटणारा कोण' हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि येथें उत्तर मिळतें तें बरेंचसें दुसऱ्या प्रश्नाचें.

२०२४ सालचा निकाल पहा. मँचेस्टर सिटी संघांत बचावफळीच्या पुढें उभा राहून शत्रूची चाल मोडणारा स्पेनचा रोद्री यास ११७० गुण मिळाले. रिअल माद्रिदचा आक्रमक खेळाडू, ब्राझीलचा व्हिनिसियस, ११२९ गुणांवर राहिला. अंतर अवघें ४१ गुणांचें. आपल्या खेळाडूस चेंडू मिळत नाहीं याचा सुगावा लागतांच रिअल माद्रिदची मंडळी समारंभास आलीच नाहीं. रुसवा मानवी स्वभावास धरून असेल. परंतु परीक्षकांनीं निदान एकदां, गोल करणाऱ्याऐवजीं खेळाची घडी सांभाळणाऱ्यास वर बसविलें, ही गोष्ट मला समाधानाची वाटली. भारतीय पत्रकाराचें मत त्या वर्षीं नव्हतें, कारण क्रमवारींत भारत शंभराच्या बाहेर होता.

भारताला जेथें मत आहे, असा पुरस्कार दुसरा. २०१० ते २०१५ पर्यंत फिफा आणि तें फ्रेंच नियतकालिक यांनीं मिळून एकच चेंडू दिला. पुढें दोघे विभक्त झाले आणि फिफानें २०१६ पासून आपला निराळा सन्मान सुरू केला. त्यांत प्रत्येक सभासद देशाचा कर्णधार, शिक्षक आणि एक पत्रकार मत देतात, शिवाय सामान्य रसिकांचींही मतें घेतात. या चारही वर्गांचें वजन सारखें. म्हणजे भारतीय कर्णधाराचें मत आर्जेन्टिनाच्या कर्णधाराच्या मताइतकेंच भरतें. २०२३ सालच्या पुरस्कारांत मेस्सी आणि नॉर्वेचा एर्लिंग हालांड या दोघांचे ४८-४८ असे समसमान गुण झाले. तेव्हां नियमाप्रमाणें कर्णधारांच्या कागदांवर पहिल्या क्रमांकावर कोणाचें नांव अधिक वेळां आहे हें पाहण्यांत आलें, आणि मेस्सी विजयी ठरला. लहान देशांच्या कर्णधारांचे कागद त्या दिवशीं फुकट गेले नाहींत.

हा झाला पुरस्काराचा यंत्रव्यवहार. माझें खरें सांगणें यापुढें आहे. १९५६ पासून २०२५ पर्यंतच्या पुरुष मानकऱ्यांच्या यादींत गोलरक्षक किती असावेत? एक. सोव्हिएत रशियाचा लेव याशिन, साल १९६३. मुख्यतः बचाव करणारे म्हणावेत असे तिघे: जर्मनीचे बेकेनबाउअर (१९७२ व १९७६) आणि झामर (१९९६), आणि इटलीचा कान्नाव्हारो (२००६). बाकीचा बहुतेक मान गोल करणाऱ्यांनीं आणि गोलाची वाट रचून देणाऱ्यांनीं वाटून घेतला आहे. २००६ सालची हकीकत तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या वर्षीं इटलीनें विश्वचषक जिंकला. सात सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले दोन. पैकीं एक त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला आणि दुसरा पेनल्टीचा. म्हणजे चालत्या खेळांत प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला त्यांचा कोट फोडतां आला नाहीं. अशी अभेद्यता दिसली तेव्हां कोठें पहिलें स्थान बचावपटु कान्नाव्हारोला आणि दुसरें गोलरक्षक बुफोनला मिळालें! बचाव करणाऱ्यानें किती कमाल करावी म्हणजे परीक्षकांची दृष्टि त्याच्याकडे वळेल, याचें हें माप.

याशिनची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६२ च्या विश्वचषकांत रशियाचा पराभव झाला तेव्हां त्याचें खापर त्याच्या माथीं फुटलें. पुढल्याच वर्षीं लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध उर्वरित जगाच्या संघाकडून तो पूर्वार्ध खेळला आणि त्यानें एकही गोल होऊं दिला नाहीं. त्याच वर्षीं त्याला सोन्याचा चेंडू मिळाला. परंतु पुढें काय झालें? पुरस्कारास साठ वर्षें झालीं तेव्हां, २०१६ सालीं, त्या नियतकालिकानें जुना हिशेब पुन्हां मांडून पाहिला: आरंभापासून साऱ्या जगास दार उघडें असतें तर कोण मानकरी झाले असते? पेलेच्या वांट्यास त्यांत सात वर्षें आलीं आणि त्या सातांत १९६३ हेंही एक होतें! गोलरक्षकाच्या हातीं लागलेला एकुलता एक चेंडू, कागदावर कां होईना, तोही गोल करणाऱ्याकडे गेला. २०१९ पासून गोलरक्षकांसाठीं याशिनच्याच नांवानें वेगळा चषक देतात. मुख्य पंगतींत जागा न देतां शेजारीं निराळें पान मांडण्याचा हा प्रकार आहे.

असें कां व्हावें? कारण गोल होणें ही घटना आहे. गोल न होणें ही घटना म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वर्तमानपत्रांत गोल करणाऱ्याचें नांव मिनिटासह छापतात. कोणत्या मिनिटास कोणीं काय अडविलें, याला बहुधा रकाना नसतो. गोलरक्षकाचें नांव ठळक होतें तें त्याच्या हातून चूक घडली म्हणजे. याचा परिणाम कोठल्याही गांवच्या मैदानावर पाहून घ्यावा. दोन विटा मांडून केलेल्या गोलांत कोण उभा असतो? सर्वांत धाकटा, किंवा सर्वांच्या मागून आलेला. तेथें उभें राहणें ही शिक्षा समजतात. शाळेंत खेळाच्या तासाला मी पाळीनें प्रत्येकास गोलांत उभा करीत असें. त्यावरून वर्गांत कुरकुर होई, आणि पाळी चुकविण्यासाठीं पोटदुखीच्या सबबी निघत.

१९५६ हें साल आपल्याकडेही विसरण्याजोगें नाहीं. त्या वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं मराठवाडा हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला. त्यानंतर बरोबर एक महिन्यानें, १ डिसेंबर रोजीं, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्या चारांपैकीं तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. गोमंतकीय कुळांतला हा तरुण मुंबईच्या मैदानांवर खेळून पुढें आलेला होता. आणि संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशानें शाळामास्तर. आमच्या जुन्या राज्याचा गुरु आणि नव्या राज्याचा शिष्य! पुढें उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियानें भारतास ४-१ असें हरविलें. तो एक गोलही नेव्हिलचाच होता. भारत चौथा आला. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेंतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बसला. सुवर्णपदक रशियानें नेलें आणि त्यांचा गोलरक्षक होता तोच लेव याशिन.

पॅरिसच्या यादींत नेव्हिलला जागा नव्हती, कारण ती यादी युरोपपुरती होती. आणि भारताच्या यादींतही त्याचें नांव आलें नाहीं. अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला. फुटबॉलमधील पहिला मान मेलबर्नला त्याच संघांत असलेल्या पी. के. बॅनर्जी यांस मिळाला. नेव्हिल १९८० सालीं वारला. त्याला अर्जुन मिळाला नाहीं. रहीम मास्तरांनीं १९५१ आणि १९६२ अशीं दोन वेळां भारतास आशियाई सुवर्णपदक मिळवून दिलें आणि १९६३ सालीं ते गेले. शिक्षकांचा गौरव पॅरिसच्या समारंभांत सुरू झाला तो २०२४ सालीं.

गोलरक्षकांचें भाग्य आपल्याकडे पॅरिसहून थोडें बरें, एवढेंच. रहीम यांच्या मेलबर्नच्या संघांतील हैदराबादचे उंचेपुरे पीटर थंगराज यांस १९६७ सालीं अर्जुन मिळाला. त्यानंतर तीस वर्षें एकाही गोलरक्षकास तो लाभला नाहीं. तीस वर्षांनीं ज्यांस लाभला ते गोव्यांतील ताळगांवचे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगांवकर संघाकडून ते खेळले आणि भारताचे कर्णधार झाले. १९८३ सालीं संतोष चषकाच्या अंतिम लढतींत बलाढ्य बंगालबरोबर गोव्यानें बरोबरी केली आणि दोघे संयुक्त विजेते ठरले. १९८४ सालीं पंजाबास १-० असें हरवून गोव्यानें तो चषक एकट्याच्या बळावर नेला. राष्ट्रीय अंतिम सामना एका गोलावर जिंकावयाचा म्हणजे दुसऱ्या टोकाला उभा असलेल्या मनुष्यानें काय केलें असलें पाहिजे, हें ज्यानें एकदां तरी गोलांत उभें राहून पाहिलें आहे त्यास कळेल. ब्रह्मानंद यांचा जन्म १९५४ चा. अर्जुन मिळाला १९९७ चा, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. पद्मश्री मिळाली २०२२ सालीं, साठी उलटून कित्येक वर्षें झाल्यावर. त्यांच्यानंतर गोलरक्षकांपैकीं सुब्रत पॉल यांस २०१६ सालीं आणि गुरप्रीतसिंग संधू यांस २०१९ सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला आहे.