मुंबईच्या नव्या मॅरेथॉनचें पहिलें वर्ष

कोणत्याही नगरांत एखादा नवा उत्सव सुरू झाला म्हणजे त्याची चर्चा प्रथम मोठ्या मंडळींच्या नांवांनीं होते. पाहुणे कोण आले, बक्षिसें किती रुपयांचीं होतीं, पहिला क्रमांक कोणत्या देशाकडे गेला, हें सर्व दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत छापून येतें. ज्यांच्या पायांवर तो उत्सव उभा असतो त्या सामान्य मंडळींस मात्र कोणी फारसें विचारीत नाहीं. रविवार, ता. १५ फेब्रुवारी २००४ रोजीं मुंबईच्या नव्या मॅरेथॉन शर्यतीस आरंभ झाला, तेव्हां आमच्या घरांतील व स्नेहमंडळांतील मिळून तिघेजण तींत धांवले होते. त्या गोष्टीस आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तथापि त्या पहिल्या दिवसाच्या आठवणी या तिघांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकल्या आहेत, आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं व तरुणांनीं ध्यानांत ठेवावा असा कांहीं बोध त्यांत आहे असें वाटल्यावरून त्या येथें सादर करीत आहों.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, अर्थात् सव्वीस मैलांहून किंचित् अधिक अंतराची दौड. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हां मॅरेथॉनच्या रणभूमीवरून विजयवार्ता घेऊन धांवत आलेल्या ग्रीक दूताच्या आख्यायिकेवरून ही शर्यत योजण्यांत आली. आजचें अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील आहे. विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणांतील राजघराण्याच्या आसनांपर्यंत तो मार्ग आंखला होता, व १९२१ सालीं तेंच माप कायम ठरलें. आपल्याकडील मंडळींचा या शर्यतीशीं संबंध अगदींच अलीकडचा नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्यें ही शर्यत धांवून एकोणिसावे आले होते. आणि पुण्यांत आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालींच सुरू झाली.

परंतु निवडक खेळाडूंच्या जोडीस हजारों सामान्य स्त्रीपुरुषांनीं शहराच्या हमरस्त्यांवरून धांवावें, ही कल्पना गेल्या अर्धशतकांतील आहे. न्यूयॉर्कची शर्यत १९७० सालीं सुरू झाली तेव्हां ती एका उद्यानांतच फेऱ्या घालून झाली; १२७ जण निघाले आणि अवघे ५५ जण शेवटपर्यंत पोंचले. १९७६ सालीं ती शहराच्या पांचही विभागांतून काढण्यांत आली व तिचें रूपच पालटलें. ती १९७९ सालीं स्वतः धांवून पाहिल्यावर ख्रिस ब्रॅशर व जॉन डिस्ली या दोघां ब्रिटिश गृहस्थांनीं २९ मार्च १९८१ रोजीं लंडनमध्यें तशीच शर्यत भरविली. तींत सर्वांच्या पुढें असलेले दोघे, एक अमेरिकन व एक नॉर्वेचा, हातांत हात घालून एकदमच शेवटची रेषा ओलांडून गेले, आणि त्यांच्यामागून सहा हजारांवर माणसें पोंचलीं. मुंबईची नवी शर्यत याच जातीची होती.

फोर्ट विभागांतून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, दादर, माहीम या वाटेनें वांद्र्यास जावयाचें आणि परत यावयाचें, असा मार्ग होता. ज्या रस्त्यांवर एरवीं मोटारींच्या गर्दींत पाऊल टाकण्याची सोय नाहीं, ते रस्ते पहांटे मोकळे पाहून आमच्या मंडळींस प्रथम जें वाटलें तें आश्चर्यच. गच्च्यांतून माणसें टाळ्या वाजवीत होतीं, ओळख ना देख अशीं मुलें हात पुढें करून धांवणाऱ्यांच्या हातांवर टाळी देत होतीं. आमचे एक स्नेही म्हणतात, "पस्तीस वर्षें या शहरांत नोकरी केली, पण शहरानें मला नांव न विचारतां शाबासकी दिली ती त्या एकाच दिवशीं."

हे स्नेही बँकेंतून नुकतेच सेवानिवृत्त झालेले होते. नित्य पहांटे पांचसहा मैल फिरण्याचा त्यांचा परिपाठ. त्या जोरावर त्यांनीं नांव दिलें. मरीन ड्राइव्हवरील गर्दीच्या उत्साहानें ते आपल्या नित्याच्या गतीहून पुष्कळच वेगानें निघाले. वांद्र्याहून परततांना, तिसाव्या किलोमीटरच्या पुढें, कोणीं कळ फिरवून दिवा मालवावा त्याप्रमाणें त्यांची शक्ति एकाएकीं संपली. याचें कारण सरळ आहे. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर हें धांवणाऱ्याचें मुख्य सरपण. तें मर्यादित असतें, आणि आरंभींच्या घाईंत तें फार लौकर जळतें. तें संपलें म्हणजे शरीरास चरबीवर निभावून न्यावें लागतें, व चरबीचा विस्तव मंद असतो. राहिलेलें अंतर स्नेह्यांनीं चालत पुरें केलें. पुढें दोन महिने त्यांना जिना चढतां येईना, तेव्हां खरी गोष्ट बाहेर आली: शर्यतीच्या तीन आठवडे आधींपासून गुडघा दुखत होता, व पत्नी जाऊं देणार नाहीं या भीतीनें त्यांनीं तें घरांत सांगितलें नव्हतें. ते हंसत म्हणतात, "शर्यत मी जिंकलों, पण घरच्या कोर्टांत हरलों."

दुसरा अनुभव आमच्या भाच्याचा. तो त्या वेळीं इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. उन्हाची भीति घातली गेल्यामुळें तो प्रत्येक ठिकाणीं थांबून पोटभर पाणी पीत गेला. शेवटच्या टप्प्यांत त्याचें डोकें ठणकूं लागलें, मळमळूं लागलें, बोटांतील आंगठी रुतूं लागली. आणि हें सर्व तहानेमुळें होत आहे असें समजून तो आणखी पाणी पिऊं लागला. सुदैवानें वाटेवरील एका डॉक्टरांनीं त्याला बसवून घेतलें व साधें पाणी बंद केलें. घामावाटे मीठ जात असतां नुसतें पाणीच फार प्यायल्यास रक्तांतील सोडियमचें प्रमाण घसरतें, व तें फारच घसरल्यास जिवावर बेततें. बॉस्टन येथें २००२ सालच्या मॅरेथॉनमध्यें ४८८ धांवपटूंचें रक्त तपासलें असतां शेंकडा १३ जणांत हें प्रमाण नेहमींपेक्षां कमी आढळलें. सारांश, तहान लागेल तसें पाणी प्यावें, व त्याच्या जोडीस मीठसाखर पोटांत जाऊं द्यावी. आपल्या घरचें लिंबाचें सरबत या कामीं कोणत्याही महागड्या पेयास हार जाणारें नाहीं.

आतां तिसरा अनुभव. आणि खरें सांगावयाचें तर त्याच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला.

आमच्या वहिनी, म्हणजे वडील बंधूंच्या पत्नी, त्या वेळीं त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. आपण ही शर्यत धांवणार असें त्यांनीं जेवतांना सांगितलें, तेव्हां पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. स्त्रियांच्या प्रकृतीस लांब पल्ल्याची दौड झेपत नाहीं हा समज फार जुना, व केवळ आपल्याच देशांतला नव्हे. १९२८ च्या आम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं ८०० मीटरची शर्यत ठेवली होती, ती त्यानंतर १९६० पर्यंत बंद राहिली; बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्यें स्त्रियांस रीतसर प्रवेश १९७२ सालीं मिळाला, आणि ऑलिंपिकमध्यें त्यांची मॅरेथॉन १९८४ सालीं प्रथम झाली. पण आमच्या मातोश्रींचा विरोध या समजुतींतून आलेला नव्हता. आमचे वडील १९७९ सालीं एके पहांटे शिवाजी पार्कवर फिरावयास गेले ते परत आले नाहींत. त्यांचें वय त्या वेळीं चौपन्न होतें. त्यापूर्वीं आठ दिवस त्यांच्या छातींत दुखत होतें, व त्यांनीं तें कोणासही सांगितलें नव्हतें, हें मागाहून त्यांच्या मित्राकडून कळलें. तेव्हांपासून पहांटे घरांतून कोणी बाहेर पडलें कीं तें परत येईपर्यंत आई दाराकडे तोंड करून बसत.

वहिनींनीं वाद घातला नाहीं. त्या आपण होऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्या, चालत्या पट्ट्यावरची परीक्षा करवून घेतली, व कागद आईंच्या पुढें ठेवला. आईंनीं तो दोनदां वाचून पाहिला. मग एवढेंच म्हणाल्या, "जा, पण कोठें दुखलें खुपलें तर मला खरें सांगावयाचें. लपवावयाचें नाहीं." पुढचे सहा महिने पहांटे चार वाजतां वहिनी उठत, आणि त्यांच्याआधीं उठून आई चहा ठेवीत. घरीं परत आल्यावर काय दुखतें याचा हिशेब त्या रोज सासूबाईंस देत: आज पोटरी, आज टांच, आज कांहीं नाहीं. दळणाचे डबे व दुधाचा हिशेब जसा, तसाच हाहि एक घरांतला नेम होऊन बसला.

आमचें घर दादरला, शर्यतीच्या वाटेपासून जवळच. त्या रविवारीं आम्ही सर्वजण कोपऱ्यावर उभे राहिलों. आईंसाठीं खुर्ची नेली होती. त्यांच्या मांडीवर सरबताचा तांब्या व केळीं होतीं. जातांना वहिनी हंसत गेल्या. परत येतांना त्यांना प्रथम आम्हीं ओळखलेंच नाहीं. चेहरा उतरलेला, पाय फरफटत असलेले, अंगावर मिठाचे पांढरे डाग. अजून तृतीयांश अंतर राहिलें होतें, व पेडर रोडचा चढ पुढेंच होता. त्या आईंच्या पुढें येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "आई, थांबूं का?"

आईंनीं विचारलें, "पाय दुखतात कीं छाती?"

"पाय, आई."

"खरें?"

"खरें."

"मग जा."

सरबत पाजून त्यांनीं सुनेच्या पाठीवर हात ठेवला, व ती दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग खुर्चींत बसून त्यांनीं पदर डोळ्यांस लावला. वहिनी भर उन्हांत पोंचल्या. तोंपर्यंत पुढच्या मंडळींचे सत्कार केव्हांच आटोपले होते. त्यांचा क्रमांक आज घरांत कोणाच्याही लक्षांत नाहीं.

आमच्या मतें या तिन्ही अनुभवांचें सार त्या एका प्रश्नांत आलें आहे. स्नेह्यांनीं दुखणें लपविलें, भाच्यानें तें चुकीचें वाचलें, आणि वहिनींनीं तें खरें सांगितलें. सोसावयाचें दुखणें कोणतें व सांगावयाचें कोणतें, हा विवेक मैदानावर ऐन वेळीं सुचत नाहीं. त्याची संवय घरांतच लागावी लागते. छातींत कळ, घेरी, भलतीच धांप यांपैकीं कांहींही झालें कीं तत्काळ थांबावें व मदत मागावी. पोटऱ्या भरून आल्या तर सावकाश चालावें. पण हें पाळावयास घरांत सत्य बोलण्यास जागा पाहिजे. 'सांगितलें तर जाऊं देणार नाहींत' अशी भीति जेथें असते, तेथें माणसें दुखणीं लपवितात. आमच्या वडिलांनीं लपविलें तें कदाचित् आम्हांस काळजी नको म्हणून असेल, पण परिणाम तोच झाला.

आज ठिकठिकाणीं नव्या दौडी निघत आहेत, व आमच्या वाचकांच्या घरींही कोणी पहांटे बुटांच्या नाड्या बांधीत असेल. त्यांस अडवूं नये, व नुसतें वाहवा म्हणूनही सोडूं नये. डॉक्टरांचा सल्ला घेववावा, निदान पांचसहा महिने क्रमाक्रमानें अंतर वाढवूं द्यावें, आणि परत आल्यावर चहा पुढें करून शांतपणें विचारावें: आज कोठें दुखलें? आमच्या घरीं हा प्रश्न अजून विचारला जातो. आई आतां नाहींत. वहिनी तो आपल्या सुनेला विचारतात.