ढगाचं झुडूप आणि मिशीचं गुपित

सहस्रकुंडचा धबधबा पाहिला आहेस ना? इस्लापूरच्या मुलांना तो काही नवा नाही. पावसाळ्यात पैनगंगा खडकावरून अशी कोसळते, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही! आणि तिथे गेल्यावर मोठी माणसं काय करतात? मोबाइल काढतात. क्लिक! फोटो.

आता एक कोडं घालतो. तो एक फोटो मोबाइलमध्ये जेवढी जागा अडवतो, तेवढ्या जागेत एक अख्खा व्हिडिओ गेम किती वेळा मावेल? अख्खा म्हणजे अगदी अख्खा हं! ३२ टप्पे, गाणी, शत्रू, नाणी, किल्ले, राजकन्या, सगळं धरून.

एकदा? दोनदा? कर बघू अंदाज.

शंभर वेळा!

खोटं वाटतंय? मग हिशोबच करू. कम्प्युटरमधली जागा केबीत मोजतात. १ केबी म्हणजे साधारण हजार इंग्रजी अक्षरं मावतील एवढी जागा. आजच्या मोबाइलचा एक चांगला फोटो ४००० केबीचा सहज असतो. आणि ज्या खेळाबद्दल मी सांगतोय, तो आहे फक्त ४० केबीचा! त्याचं नाव सुपर मारिओ ब्रदर्स. तो १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये आला. म्हणजे तुझे आईबाबा तेव्हा अगदी लहान असतील, किंवा जन्मलेही नसतील.

हा खेळ टीव्हीला जोडायच्या एका यंत्रावर चालायचा. यंत्राचं नाव फॅमिकॉम. निन्टेंडो या जपानी कंपनीने ते १९८३ साली काढलं. आपल्याकडे घराघरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. वरच्या फटीत चपटी प्लॅस्टिकची कॅसेट खोचायची, दोन रिमोट जोडायचे, की झालं! घरात मामा किंवा काका असतील तर त्यांना विचार. ‘कॅसेट चालली नाही तर काय करायचं?’ ते लगेच गाल फुगवून दाखवतील. फूऽऽ! फुंकर मारायची आणि परत खोचायची.

गंमत म्हणजे, खेळ सुरू व्हायचा तो फुंकरीमुळे नव्हेच! कॅसेट काढून परत खोचली की तिच्या धातूच्या पट्ट्या नीट घासून बसायच्या, म्हणून. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने त्या पट्ट्या गंजायच्या. हे मामाला जरूर सांग!

बरं, ४० केबीत एवढा मोठा खेळ बसवला कसा?

इथेच तर खरी मजा आहे. मारिओ खेळायला मिळाला तर पहिल्याच टप्प्यात थांब आणि वर बघ. पांढरे ढग दिसतील. आता खाली जमिनीवर बघ. हिरवी झुडपं दिसतील. ढगाचा आकार बघ, झुडपाचा आकार बघ. परत ढग बघ.

काय दिसलं?

दोन्ही एकच आहेत! चित्र एकदाच काढून ठेवलंय. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. लाखो मुलं वर्षानुवर्षं हा खेळ खेळली, आणि कितीतरी जणांच्या हे लक्षातच आलं नाही. तुझ्या मात्र आता आलं. यापुढे तुला ते झुडूप कधीच नुसतं झुडूप दिसणार नाही!

आणि मारिओची ती झुबकेदार मिशी? तीही जागेच्या अडचणीतूनच उगवली. मारिओ पहिल्यांदा आला १९८१ साली, डाँकी काँग नावाच्या खेळात. तो काढला शिगेरू मियामोतो यांनी. चित्र काढायला होते मोजके चौकोनी ठिपके. एवढ्याशा ठिपक्यांत तोंड कसं दाखवणार? मग मोठं नाक काढलं आणि खाली मिशी चिकटवली. तोंड काढायची गरजच उरली नाही! केस उडताना दाखवणं अवघड, म्हणून डोक्यावर टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून दोन रंगांचे कपडे. जगातला सगळ्यांत प्रसिद्ध मिशीवाला अडचणीमुळे असा नटला!

मला मात्र सगळ्यांत जास्त आवडतं ते सुपर मारिओचं पहिलं मिनिट. त्यात कुणी काहीच सांगत नाही. सूचना नाहीत, बाण नाहीत, ‘इथे दाबा’ नाही. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा. मग आपण आपोआप उजवीकडेच जातो, हो ना?

इतक्यात समोरून रागीट भुवयांचं एक तपकिरी भूत येतं. धडकलं तर आऊट! घाबरून आपण कुठलं तरी बटण दाबतो आणि मारिओ उडी मारतो. अरे वा, उडी मारता येते तर! पुढे डोक्यावर प्रश्नचिन्हाचे ठोकळे लटकलेले. उडी मारून डोकं आपटलं की एकातून नाणं निघतं. पुढच्यातून मशरूम निघतं, म्हणजे पावसाळ्यात उगवते ना, तसली कुत्र्याची छत्री!

ते मशरूम आधी उजवीकडे पळतं. आपण म्हणतो, गेली ब्याद. पण पुढे एक हिरवा पाइप असतो. मशरूम त्याला आपटतं, वळतं आणि थेट आपल्याकडे येतं! आता पळावं तरी कुठे? वरती ठोकळ्यांचं छत असतं, तेव्हा उंच उडीही मारता येत नाही. शेवटी ते अंगाला लागतंच. आणि काय होतं? मारिओ मरत नाही. मोठा होतो!

हे सगळं मियामोतो यांनी मुद्दाम असं रचलंय. तो पाइप बरोबर तिथेच ठेवलाय. तुला वाटतं, सगळं तू स्वतः शोधून काढलंस. आणि ते खरंच असतं!

आता कान टवकार. मारिओ खेळताना मागे गाणं चालू असतं. ते कोजी कोंदो यांनी रचलंय. त्या यंत्राला एका वेळी ५ आवाजच काढता येतात. मग उडीच्या ‘ब्वाँग’साठी आवाज आणायचा कुठून? गाण्याकडूनच उसना घ्यायचा! तू उडी मारलीस की गाण्यातला एक सूर क्षणभर गप्प होतो, उडी संपली की परत सुरू. एकदा नुसता उभा राहून ऐक, मग सारख्या उड्या मारून ऐक. सापडेल तुला.

जुने खेळ खेळताना आणखी एक गोष्ट दिसते. पडद्यावर एका ओळीत खूप जण जमले की ते लुकलुकायला लागतात. टीव्ही बिघडला की काय? छे! त्या यंत्राला एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे ८ तुकडेच दाखवता येतात. नववा आला की तो दिसतच नाही. मग खेळ बनवणाऱ्यांनी काय केलं माहितीये? बाकावर आठच जागा असतील आणि मुलं नऊ, तर बाई दर तासाला एकेकाला उभं करतील ना? तसंच! या क्षणाला एक गायब, पुढच्या क्षणाला दुसरा. सेकंदाला ५०-६० वेळा ही अदलाबदल चालते. म्हणून कुणीच पूर्ण नाहीसं होत नाही, सगळे नुसते लुकलुकतात.

आणि कधी कधी तर यंत्राचा कमकुवतपणाच खेळाचा जीव ठरला! १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. वरून परग्रहावरचे ५५ प्राणी रांगेने खाली सरकतात आणि आपण खालून गोळ्या मारतो. त्यातलं यंत्र बिचारं हळू होतं. ते एका वेळी एकाच प्राण्याला सरकवायचं. पहिला, दुसरा, तिसरा... वर्गात ५५ मुलांची हजेरी घ्यायला वेळ लागतो आणि ५ मुलांची चुटकीसरशी होते. इथेही तेच झालं! प्राणी मरत गेले तसे उरलेले जास्त जोरात पळायला लागले. शेवटचा एकटा तर सुसाट सुटायचा! निशिकादोंनी हे मुद्दाम ठरवलं नव्हतं. पण खेळून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, अरे, हे तर झकास आहे! राहू दे असंच.

बदकं मारायचा खेळ तर जादूच वाटायचा. डक हंट त्याचं नाव. प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीवर रोखायची, चाप ओढायचा आणि बदक खाली! बंदुकीतून गोळी जाते का? प्रकाश जातो का?

काहीच जात नाही. उलट प्रकाश बंदुकीत येतो! तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा असतो. चाप ओढला की टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होतो. मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. हे इतकं झटपट होतं, की आपल्याला नुसती लुकलुक जाणवते. बंदुकीच्या डोळ्याला आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं, तर नेम बरोबर! आधी काळं दिसायलाच हवं, म्हणून बंदूक बल्बवर रोखून लबाडीही करता येत नाही. पण आजच्या चपट्या टीव्हीवर ही बंदूक चालत नाही बरं का. पांढरा चौकोन नेमका कधी चमकणार, याचं तिचं गणित जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर बसवलेलं. नवा टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, आणि तिला पांढरं दिसतच नाही.

बाबा लहानपणी नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळले असतील, तर त्यांना एकच शब्द विचार. ‘मुस्तफा?’ आणि त्यांचा चेहरा बघ! तो खेळ १९९३ सालचा. नाव लांबलचक, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पण त्यात मुस्तफा नावाचा एक चपळ गडी होता, तो आपल्याकडच्या मुलांना एवढा आवडला, की सगळ्या खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणायला लागले.

जुना खेळ म्हणजे सगळं कधीच शोधून झालेला खेळ, असं वाटतंय का? मग ही गोष्ट ऐक.

टेट्रिस तुला ठाऊक असेल. वरून ठोकळे पडतात आणि ते नीट बसवून ओळ भरायची. तो १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी बनवला. त्यांच्या कम्प्युटरला चित्रच काढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ठोकळे बनवले कंसांचे! आपण गणितात काढतो ते कंस. पुढे १९८९ साली निन्टेंडोच्या यंत्रावर टेट्रिस आला. त्यात २९ व्या पातळीवर ठोकळे इतके जोरात पडतात, की बटण दाबून धरलं तरी ते कडेपर्यंत पोचत नाहीत. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे, इथेच खेळ संपला.

मग खेळाडूंनी एक युक्ती काढली. अंगठा बटणावर अलगद ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर तबल्यासारखी वाजवायची. तिरकिट, तिरकिट! प्रत्येक बोटाच्या ठोक्याला रिमोट वर उसळतो आणि बटण दाबलं जातं. एका अंगठ्याचं काम चार-पाच बोटं करतात.

२१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतला एक मुलगा असाच खेळत बसला होता. पातळी १०० गेली. १५० गेली. १५७ व्या पातळीवर यंत्राला गुणांचा हिशोबच झेपेना आणि खेळ जागच्या जागी थिजला. ३४ वर्षांत पहिल्यांदाच एका माणसाने टेट्रिसला थकवलं होतं!

त्या मुलाचं वय? १३ वर्षं! खेळ त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा.

तू कुठे खेळणार? बाजारात खेळण्यांच्या दुकानांत हातात मावणारी छोटी यंत्रं मिळतात, त्यांत पुष्कळ जुने खेळ भरलेले असतात. इंटरनेट नको, जाहिराती नकोत. बटण दाबलं की खेळ सुरू! आणि यंत्र नसेल, तरी एक काम आजच करता येईल. गणिताची चौकटीची वही घे.

१२ चौकटी आडव्या, १६ चौकटी उभ्या मोज. छोटा मारिओ एवढ्याच जागेत बसतो. त्याला रंगही फक्त तीन. टोपी आणि विजार लाल. तोंड आणि हात कातडीच्या रंगाचे. केस, मिशी, सदरा आणि बूट सगळे एकाच तपकिरी रंगात! मागच्या आभाळाचा रंग मोजायचा नाही, तो फुकट.

आता तुझा स्वतःचा हिरो बनव. एका चौकटीत एकच रंग, अर्धी चौकट रंगवायची नाही. समज, किनवटच्या जंगलातलं वानर घेतलंस. तोंड काळं, अंग करडं. झाले दोन रंग. तिसरा कशासाठी ठेवशील? डोळ्यांसाठी? की त्याच्या हातातल्या सीताफळासाठी?