अनुमानयंत्र आणि वॉरन यांच्या आज्ञा

उत्तर कसे काढावे हे संगणकाला पायरीपायरीने न सांगता काय खरे आहे एवढेच सांगावे आणि निष्कर्ष त्याच्यावर सोपवावा, ही कल्पना 1972 मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी 'प्रोलॉग' या भाषेत प्रत्यक्षात आणली. तिच्यामागील तर्कशास्त्रीय विचारात एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा मोठा वाटा होता. 'वडिलांच्या बहिणीचा मुलगा तो आतेभाऊ' हा एकच नियम आणि कुटुंबातील नात्यांच्या नोंदी दिल्या, की अमक्याचा आतेभाऊ कोण हे जसे विचारता येते तसेच अमका कोणाकोणाचा आतेभाऊ लागतो हेही विचारता येते, म्हणजे वेगळा नियम न लिहिता त्याची मामेभावंडेही सापडतात. एकाच विधानाचा हा दुहेरी उपयोग म्हणजे या भाषेचे खरे सौंदर्य होय.

या सौंदर्याची किंमत मात्र वेगात मोजावी लागते, कारण नियमातील रिक्त स्थाने नोंदींशी जुळवणे (एकरूपीकरण) आणि वाट खुंटली की मागच्या फाट्यावर परतणे (माघार) ही कामे अखंड चालतात, आणि नियम वाचत वाचतच अमलात आणणारा इंटरप्रिटर त्यांत रखडतो. 1982 मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जपानने यावर यंत्राच्या रचनेतच उपाय शोधला. तोक्योतील आयकॉट संस्थेच्या 'पीएसआय' या वैयक्तिक वर्कस्टेशनमध्ये 40 बिटांच्या प्रत्येक शब्दातील 8 बिट त्या शब्दाचा प्रकार सांगणाऱ्या खुणेसाठी राखले होते, इंटरप्रिटर प्रोसेसरच्या सूक्ष्म आज्ञांतच बसवला होता, आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे 30,000 अनुमाने इतका होता.

या प्रकल्पाच्या गाजावाजात डेव्हिड वॉरन यांचे कार्य झाकोळले गेले, हा मोठा अन्याय आहे. त्यांनी 1977 मध्येच एडिंबरो येथे डेक-10 या सर्वसाधारण संगणकासाठी प्रोलॉगचा कंपायलर, म्हणजे नियमांचे आधीच यंत्राज्ञांत रूपांतर करणारी प्रणाली, सहकाऱ्यांसह सिद्ध करून दाखवली होती, आणि 1983 मध्ये त्यांनी एका काल्पनिक यंत्राचा आज्ञासंच मांडला, ज्यात एकरूपीकरणाचे बरेचसे काम भाषांतराच्या वेळीच उरकते आणि नियमात ठरलेले नाव असेल तेथे एक साधी तुलना पुरते. हा विचार इतका सरस ठरला, की पुढच्या 'पीएसआय-2'नेही त्याचाच आधार घेतला. खास यंत्रे कालबाह्य झाली. घरच्या संगणकावर विनामूल्य बसवता येणारा 'ग्नू प्रोलॉग' मात्र आजही प्रत्येक नियम प्रथम वॉरन यांच्या आज्ञांत उतरवतो.