जुने घर पाडण्यापूर्वी

निगडीच्या प्राधिकरणात सभासदांकडे गेलो की हल्ली आम्हाला पगारवाढीपेक्षा घराविषयीच अधिक विचारले जाते. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. पुढे कित्येक कामगारांनी कर्ज काढून, ओव्हरटाइम करून तेथे घरे बांधली. ती माणसे आता निवृत्त झाली, आणि मुलगा म्हणतो, "दादा, पाडून इमारत बांधू." आमचे मत विचाराल तर पाडू नये. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत जातो. तुमच्या घरातले सिमेंट एकदा भाजून झालेले आहे. सळई उघडी पडली असेल तर गोष्ट निराळी. तेथे इंजिनिअरच बोलवावा.

उकाड्याचे मूळ छपरात आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुसऱ्या पाळीहून येऊन माणसाने पाठ टेकावी, तेव्हा ती उष्णता खाली सोडतो. पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. म्हणून आधी भेगा बुजवून गळती थांबवावी, मग वर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसवावेत. तेवढी ऐपत नसेल तर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, एवढेच त्यातले शास्त्र.

क्रम मात्र चुकवू नये. आम्ही तो चुकवला. सौरपट्ट्या आधी बसवल्या, पावसाळ्यात स्लॅब गळला आणि सारा सांगाडा उतरवून पुन्हा चढवावा लागला. घरची मंडळी ते अजून विसरलेली नाहीत.

जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ६५ युनिट वाचतात. शंभर युनिटांपुढे दर चढत असल्याने बचत होते ती महागड्या युनिटांची. सौरवीज त्यानंतर. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, आणि २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान ठरले.

राहिले पाणी. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पुरवठा सुरू झाला, आणि तुटपुंज्या पेन्शनीत टँकर बसत नाही. ६० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,५०० लिटर पाणी झाले. पहिली सर वाहून जाऊ द्यावी. नंतरचे पाणी जाळी व वाळूतून टाकीत घ्यावे. पिऊ नये, धुण्याला, संडासाला चालते. उरलेले शोषखड्ड्यात सोडावे. नळ जोडण्याचे काम गल्लीतला एखादा निवृत्त फिटर एका रविवारी करील. त्याच्या चहापोह्यांची सोय तेवढी ठेवावी.